प्रल्हादरावांचा बंब

चि. प्रल्हादराव यांस,

तुमचा सात पानी तक्ता मिळाला. ‘आई, तुमचे कमेंट्स लेखी द्या’ असं तुम्ही म्हणालात, म्हणून लेखी देते. तोंडीही दिले असते, पण जावयाला तोंडावर बोलू नये अशी आमच्याकडची शिस्त आहे. लेखीला ती लागू नाही असं मी आजच ठरवलं.

कमेंट पहिला. शारजात अठराव्या मजल्यावर बसून, बाहेर बेचाळीस डिग्री असताना एसी वीसवर लावून, वर गुडघ्यांवर शाल घेऊन, कॅनडातलं घर गरम करायला अंगणात लाकडं जाळायचा बॉयलर कुठला घ्यावा याचा जो माणूस चौदा महिने अभ्यास करतो, त्याला कुणीतरी आधी उन्हात नेऊन उभं करायला हवं.

कमेंट दुसरा. तुम्ही त्याला ‘आउटडोअर हायड्रॉनिक हीटर’ म्हणता. सांगलीला आमच्या परसात तो होता. तांब्याचा होता, खालून राख पडायची, आणि त्याला बंब म्हणत. तुमचा खोलीएवढा आहे आणि त्यातलं पाणी नळ्यांतून घरभर फिरतं, एवढाच फरक.

कमेंट तिसरा. तक्त्यात एकोणीस रकाने आहेत. पत्र्याची जाडी आहे, वजन आहे, वॉरंटी आहे, रंगसुद्धा आहे. एक रकाना नाही. त्यात लाकडं घालणार कोण?

इथवर लिहून वासंतीबाईंनी पेनाला टोपण घातलं. चौथा कमेंट सगळ्यात महत्त्वाचा होता आणि त्यासाठी आकडेमोड तपासायला हवी होती. आकडेमोड पाचव्या पानावर होती, चष्मा दिवाणखान्यात होता, आणि दिवाणखान्यात प्रल्हादराव होते. पहिल्या पानामागे कमेंट्स लिहिलेला तो तक्ता वासंतीबाईंनी घडी करून औषधांच्या डब्याखाली सरकवला.

वासंतीबाईंचं वय ऐंशी. सांगलीच्या मुलींच्या कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलं होतं. नवरा गेल्यावर सहा वर्षांपूर्वी त्या लेकीकडे, साधनाकडे, शारजाच्या अल मजाजला राहायला आल्या. जावयाच्या घरी राहतोय याचं ओझं वगैरे त्यांनी वाटून घेतलं नाही. व्हिसा जावयाच्या नावावर होता, तेवढ्यापुरता त्या त्यांचा मान ठेवत. मनातला हिशेब वेगळा होता. प्रल्हादराव वाईट माणूस नव्हते. दारू नाही, बिडी नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण वाईट नसणं हा काही गुण झाला का, असा प्रश्न त्या माणसाकडे पाहून वासंतीबाईंना रोज सकाळी पडे.

मिरजेहून मेकॅनिकलचा डिप्लोमा करून प्रल्हादराव सत्तावीस वर्षांपूर्वी उम्म अल कुवैनच्या एका कारखान्यात लागले ते अजून तिथेच होते. मोठमोठ्या इमारतींच्या एसीसाठी थंड पाणी नेणारे पाइप तो कारखाना बनवी. आत लोखंडी नळी, तिच्याभोवती फोम, वरून प्लास्टिकचं कवच. थंड पाणी वाटेत गरम होऊ नये एवढ्या एका गोष्टीवर प्रल्हादरावांचा जन्म गेला. शारजातली सगळी माणसं सकाळी दुबईच्या दिशेनं निघून दोन-दोन तास ट्रॅफिकमध्ये कुजत असताना प्रल्हादरावांची गाडी उलट्या बाजूला, मोकळ्या रस्त्यानं जाई. याचं त्यांना इतकं कौतुक होतं की पाहुण्यांना चहाच्या आधी ते ऐकवीत. जणू रस्ता त्यांनीच झाडून ठेवला होता.

त्यांचा एकच छंद होता, वस्तू निवडणं. वापरणं नव्हे, निवडणं. फ्रिज चार महिने निवडला. ते चार महिने साधना खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, रोज दही मागवत होती. सोफा निवडायला आठ महिने लागले, तोवर आल्या-गेल्याला प्लास्टिकच्या खुर्च्या. लेकीची, केयाची, शाळा निवडताना तक्ता इतका सुंदर झाला की तो पुरा होईपर्यंत पहिल्या दोन शाळांचे प्रवेश बंद झाले. शेवटी घ्यायचे ते तेच, जे साधनानं पहिल्या दिवशी बोटानं दाखवलेलं असे. मग म्हणत, ‘बघ, अॅनालिसिसनं पण तेच आलं.’

केया आता अठ्ठावीस वर्षांची होती. शिकायला कॅनडाला गेली ती तिकडेच राहिली, नीरव नावाच्या मुलाशी लग्न केलं, आणि दोघांनी न्यू ब्रन्सविकच्या एका खेड्यात लाकडी घर घेतलं. घर जुनं, मागे दोन एकर जंगल, तळघरात तेलावर चालणारी भट्टी. ती भट्टी आज जाते की उद्या, अशी. केयानं एका फोनमध्ये हे सहज सांगितलं, आणि प्रल्हादरावांनी वही उघडली.

पुढच्या ऑगस्टमध्ये त्यांना साठ पुरी होणार होती. कंपनीनं रिन्यू केलं नाही की इथला व्हिसा खलास. मग हिवाळे केयाकडे काढायचे असं त्यांनी ठरवून टाकलं. कारणही तयार होतं. साधनाला बारा वर्षं दम्याचा त्रास होता. वाळूचं वादळ आलं की ती तीन-तीन दिवस पलंगावर उशा लावून बसून काढी, पर्समध्ये श्वासाचा पंप असल्याशिवाय लिफ्टमध्ये पाय ठेवत नसे. प्रल्हादरावांचं म्हणणं, तिकडची थंड स्वच्छ हवा मिळाली की महिन्याभरात पंप फेकून देशील. आणि त्या स्वच्छ हवेत, घरापासून साठ फुटांवर, ते लाकडं जाळणार होते.

हे ऐकून वासंतीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं होतं. माणूस थट्टा करतोय का, हे बघायला. करत नव्हता.

वासंतीबाईंना कॅनडाचं काही नव्हतं. सांगलीला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, उद्या सकाळी निघायला लागलं तरी त्या निघाल्या असत्या. त्यांना लेकीच्या श्वासाची काळजी होती. ती हसली की छातीत बारीक शिट्टी वाजते, ती शिट्टी त्या बंद दाराआडूनही ओळखत. तेवढ्यासाठीच त्यांनी सुरुवातीला शांतपणे, जावयाशी बोलावं तसं, विचारलं होतं की प्रल्हादराव, तुमचा धंदाच एसीचा, मग एसी उलटा फिरवला की तो घर गरम करतो हे तुम्हाला मी सांगायला हवं का? सेकंड इयरच्या मुलींना मी ते एकतीस वर्षं शिकवलं. पाठ फिरवलेला फ्रिज म्हणजे हीटर.

प्रल्हादरावांनी त्यावर जे उत्तर दिलं, ते वासंतीबाईंच्या मते चौदा महिन्यांतलं त्यांचं एकमेव खरं वाक्य होतं.

“आई, एसीचं तोंड आता मला बघायचं नाही. मला विस्तव पाहिजे. डोळ्यांना दिसणारा.”

खरं होतं, आणि तरी मूर्खपणाचं होतं. साठीच्या माणसाला विस्तव बघायचा असेल तर त्यानं निरांजन लावावं.

त्यानंतर तीन बॉयलर उरले. वीस होते त्यातले सतरा बाद झाले, कसे ते प्रल्हादराव जेवताना सांगत. एकाचं दार डावीकडे उघडायचं. एकाचा डीलर ईमेलला चार दिवस लावायचा. उरलेल्या तिघांची किंमत डॉलरमध्ये, मग दिरहॅममध्ये, मग रुपयांत मोठ्यानं बोलून दाखवली जाई, आणि रुपयांत आकडा ऐकला की साधना आमटी वाढायचं थांबे. सप्टेंबरात सात पानी तक्ता छापून झाला. ऑफिसात सगळं लेखी लागतं, म्हणून सासूबाईंकडूनही लेखीच हवं. वासंतीबाईंनी वर सांगितले ते तीन कमेंट्स लिहिले आणि मग चष्मा हातात आल्यावर पाचव्याऐवजी चौथं पान उघडलं. तिथे त्यांना तो घोळ सापडला.

घराला लागत होता एका मापाचा बॉयलर. प्रल्हादरावांचे उरलेले तिन्ही होते त्याच्या दुपटीचे. त्यामागे सत्तावीस वर्षांची सवय होती. इकडे एसी नेमका कुणी लावत नाही. हिशेब येतो तो येतो, मग पन्नास डिग्री झाली तर म्हणून पंचवीस टक्के वाढवायचे, मग कन्सल्टंट आपले वाढवतो, मग शेखच्या माणसानं ओरडू नये म्हणून आणखी थोडे. एसी मोठा झाला तर बिघडत नाही. खोली थंड झाली की तो बंद पडतो आणि गप्प बसतो. प्रल्हादरावांनी बॉयलरलाही तेच केलं. पण विस्तव काही बटण दाबून बंद होत नाही. पाणी तापलं की यंत्र त्याची हवा तोडतं, आणि पेटलेली लाकडं आत कोंडून धुमसत राहतात. जेवढा बॉयलर मोठा, तेवढा तो जास्त वेळ धुमसणार, तेवढा धूर. सांगलीच्या परसातल्या बंबानं सहावीतल्या मुलीला हे शिकवलं होतं. डिप्लोमा लागला नव्हता.

वासंतीबाईंनी हे तोंडी सांगितलं. साधनासाठी शिस्त मोडली.

प्रल्हादराव हसले. समजूतदारपणे हसले, ते अधिक वाईट. म्हणाले की आई, तो तुमचा बंब होता, ही सिस्टिम आहे. आणि मग त्यांना कल्पना सुचली. आपण टेस्टच घेऊ.

डिसेंबरचा पहिला रविवार. थंडी म्हणजे इथली थंडी, बावीस डिग्री. त्या दिवसांत अर्धी शारजा वाळवंटात चूल मांडायला बाहेर पडते. फलज अल मुअल्लाच्या रस्त्याला पिकअप लावून लाकडाच्या मोळ्या विकणारे बसलेले असतात. प्रल्हादरावांनी एकाशी अर्धा तास ‘हबीबी, हबीबी’ करत घासाघीस केली, प्रत्येक मोळी वजनकाट्यावर ठेवली, आणि चार मोळ्या डिकीत घातल्या. वाळूच्या एका टेकडीआड ओवेस आधीच येऊन थांबला होता.

ओवेस त्यांच्या कारखान्यातला वेल्डिंगचा फोरमन. पाकिस्तानातल्या चित्रालचा माणूस, पन्नाशीचा, मोठ्या हातांचा, कमी बोलणारा. त्यानं तेलाच्या पिंपाचा छोटा बॉयलर करून आणला होता. पुढे दार, वर चार फुटांचं धुराडं, आत पाण्याच्या नळीचं वेटोळं, बाजूला हवेची झडप. काम देखणं होतं. वासंतीबाईंना चांगलं काम लगेच कळे, त्यांनी तसं सांगितलंही. ओवेसनं छातीवर हात ठेवून मान झुकवली.

त्यांना काम दिलं होतं वेळ मोजायचं. घडीच्या खुर्चीत बसून त्यांनी मोबाइलवरचं स्टॉपवॉच सुरू केलं. साधना पलीकडे थर्मास आणि डबे मांडत होती. प्रल्हादरावांनी टाय तेवढा लावला नव्हता, बाकी सगळा थाट उद्घाटनाचा. लाकडं पेटली. चाळीस मिनिटांत पाणी हात पोळण्याइतकं तापलं, तेव्हा त्यांनी सगळ्यांकडे वळून पाहिलं. चेहरा असा, की जगात विस्तव त्यांनीच पहिल्यांदा पाडला.

मग त्यांनी खऱ्या यंत्रात होतं तसं करायचं म्हणून झडप लावली.

मिनिटभर काही झालं नाही. मग धुराड्यातून पिवळा, जाड, तेलकट धूर यायला लागला. समुद्रावरून वारा होता, धूर जमिनीलगत सरपटत आला आणि साधनाच्या खुर्चीशी येऊन बसला. तिनं खुर्ची डावीकडे नेली. वारा फिरला. तिनं उजवीकडे नेली. प्रल्हादराव ओरडून सांगत होते की लाकूड ओलं दिलंय त्या बदमाशानं, तिकडे वर्षभर वाळवलेलं वापरतात, हे गृहीत धरू नका. साधनाला खोकल्यानं ऐकूच येत नव्हतं. पंप गाडीतल्या पर्समध्ये होता. वासंतीबाई ऐंशीव्या वर्षी वाळूतून जितक्या वेगानं जाता येतं तितक्या वेगानं गेल्या, पंप आणला, दोन झोत दिले, आणि लेकीचा दंड धरून तिच्याबरोबर उभ्या राहिल्या. शिट्टी हळूहळू कमी झाली. प्रल्हादराव तोवर वहीत पाण्याचं तापमान लिहीत होते.

ओवेसनं कुणाला न विचारता झडप उघडली, लाकडं ओढून वाळूत पुरली. मग उकिडवं बसून हात झाडत तो म्हणाला की आमच्याकडे चित्रालला सहा महिने बर्फ असतं, लाकडाशिवाय दुसरं काही नाही. बोलता बोलता त्यानं प्रल्हादरावांकडे पाहिलं.

“प्रल्हाद भाई, मेरी अम्मी सुबह चार बजे उठकर लकडी डालती थीं. हर रोज. आपके घर में कौन उठेगा?”

आणि प्रल्हादरावांनी साधनाकडे पाहिलं.

मुद्दाम नसावं. मीठ कमी असलं की माणूस मिठाच्या बरणीकडे पाहतो तसं पाहिलं. तीस वर्षांत ज्यानं स्वतःच्या ताटाशेजारचा तांब्या उचलून पेल्यात पाणी ओतलं नव्हतं, त्याची मान आपोआप तिकडे वळली.

“मैं,” ते मग म्हणाले. “मैं उठूंगा ना.”

स्टॉपवॉच बंद करायचं राहून गेलं होतं. मधे चार सेकंद गेले होते. वासंतीबाईंनी ते पाहिले. साधनानं स्टॉपवॉचशिवाय पाहिले.

परतताना शारजाच्या तोंडाशी रविवारचा ट्रॅफिक लागला. गाडीत धुराचा वास बसला होता. प्रल्हादराव सांगत होते की धुराडं चारऐवजी सोळा फुटांचं केलं तर प्रॉब्लेमच नाही, तेही तक्त्यात अॅड करतो. साधना खिडकीबाहेर बघत होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली,

“अहो, मी उठणार नाही.”

“तुला कोण उठ म्हणतंय?”

“कुणीच नाही म्हणत. म्हणूनच सांगून ठेवते.”

मागच्या सीटवर वासंतीबाई ऐकत होत्या. लेकीला आपण फिजिक्स शिकवलं नाही, ती कॉमर्सला गेली, याचं त्यांना पस्तीस वर्षं जे वाईट वाटत होतं ते त्या सिग्नलला संपलं.

दुसऱ्या दिवशी तक्त्यात विसावा रकाना आला. ‘ऑपरेटर’. तिन्ही बॉयलरांपुढे लिहिलं होतं, ‘सेल्फ’. साधनानं तो वाचला, चष्मा काढला, आणि तक्त्याच्या भाषेतच उत्तर दिलं. टेस्ट घेऊ म्हणाली. बाल्कनीत पाण्याच्या पाच गॅलनच्या आठ बाटल्या आहेत. आठवडाभर रोज पहाटे चारला उठून त्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्यायच्या. लाकडं समजायची. बर्फ नाही, वारा नाही, वर चहा मी करून ठेवणार नाही.

प्रल्हादराव आनंदानं तयार झाले. टेस्ट म्हटलं की ते कशालाही तयार.

पहिल्या दिवशी ते चारला उठले, बाटल्या हलवल्या, आणि वेळ लिहून ठेवली. नाश्त्याला त्याचं साग्रसंगीत वर्णन झालं. दुसऱ्या दिवशी चार वीसला उठले, पाच बाटल्या नेल्या, कमरेत उसण भरली. तिसऱ्या दिवशी अलार्म वाजला. वाजत राहिला. बाजूच्या खोलीत वासंतीबाई छताकडे बघत पडल्या होत्या. त्या वयात चारला झोप असतेच कुठे. पावलं वाजली, अलार्म बंद झाला. बाल्कनीचं दार काही उघडलं नाही.

सकाळी त्यांनी साधनाला विचारलं की अलार्म कुणी बंद केला. साधना पोळी लाटत होती. तिनं लाटणं थांबवून आईकडे पाहिलं. तिघांत कोण उठलं हे विचारायची गरज नव्हती.

पुढच्याच रविवारी साधनानं केयाला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि तो जेवणाच्या टेबलावर, तक्त्यावर ठेवला. धुराचं सांगितलं, पंपाचं सांगितलं, अलार्मचं सांगितलं. एका दमात, न खोकता. केया पहिल्यांदा हसली, मग हसायची थांबली.

“मम्मा, व्हाय डिडन्ट यू टेल मी? ऑल्सो, आय हेट दॅट थिंग. अवर नेबर हॅज वन, द होल स्ट्रीट स्मेल्स.” मग आवाज थोडा मऊ करून, “बाबा, लिसन. दे आर कमिंग ऑन ट्यूसडे. वी आर गेटिंग अ हीट पंप. एव्हरीवन हिअर हॅज वन. इट्स बेसिकली युअर एसी, बॅकवर्ड्स.”

वासंतीबाईंनी चहाचा कप तोंडाशी नेला आणि तिथेच ठेवला. हसू लपवायला कप बरा पडतो.

“किती टनाचा?” प्रल्हादराव म्हणाले.

“आय डोन्ट नो, बाबा. दे मेझर्ड.”

“कुणी मेझर केलं? लोड कॅल्क्युलेशन पाठव मला.”

“बाबा. इट्स डन.”

प्रल्हादरावांनी फोन तक्त्यावरून बाजूला सरकवला. दीड वर्ष, वीस बॉयलर, सतरा बाद, तीन उरलेले, आणि कुणीतरी दोन माणसं ट्यूसडेला येऊन एक पांढरा डबा भिंतीवर लावून जाणार होती. सत्तावीस वर्षं ज्याला पाणी पुरवलं तोच डबा. “बरं,” ते म्हणाले. “खलास.” लॅपटॉप मिटला, उठले, आणि कधी नव्हे ते स्वतःचा कप सिंकमध्ये नेऊन ठेवला. विसळला नाही. तेवढी अपेक्षा वासंतीबाईंनी केलीही नव्हती.

पिंप ओवेस घेऊन गेला. त्यानं त्याची कारखान्याच्या आवारात कबाब भाजायची शेगडी केली, आणि ती उत्तम चालते असं ऐकिवात आहे. साधना आता कॅनडाला जायला तयार होती. पंप पर्समध्ये ठेवूनच.

आठवड्यानं नाश्त्याच्या वेळी प्रल्हादरावांनी पेपरवरून डोळे न काढता विचारलं, “आई, ते तुमचे कमेंट्स राहिलेच ना?”

“देते,” वासंतीबाई म्हणाल्या.

का मागत होते कोण जाणे. फाईल बंद करायची असेल. ऑफिसची माणसं फाईल बंद केल्याशिवाय मरतसुद्धा नाहीत. दुपारी घर रिकामं असताना त्यांनी औषधांच्या डब्याखालून तक्ता काढला, चष्मा लावला, आणि सप्टेंबरात राहून गेलेलं पाचवं पान उघडलं. चौथ्या कमेंटमध्ये ते पानही फाडायचं असा त्यांचा बेत होता.

पाचव्या पानावर पाइपचा हिशेब होता. बॉयलरपासून घरापर्यंत साठ फूट जमिनीखालून जाणारं गरम पाणी उणे तीस डिग्रीला वाटेत किती थंड होईल. वासंतीबाईंनी पेन्सिल घेतली. मातीची खोली, फोमची जाडी, पाण्याचा वेग, गोठलेल्या जमिनीचा वेगळा आकडा. तो घ्यायला हवा हे कॉलेजातल्या अर्ध्या प्राध्यापकांना सुचलं नसतं. तासभर त्या टेबलाशी बसल्या. उत्तर आलं. प्रल्हादरावांच्या उत्तराशी ताडून पाहिलं. दशांशचिन्हापुढच्या दुसऱ्या घरापर्यंत तेच. पुन्हा केलं, वेगळ्या रीतीनं. तेच.

थंड पाणी गरम होऊ नये, ते उलटं केलं की गरम पाणी थंड होऊ नये. तेवढं मात्र त्या माणसाला येत होतं. चौथ्या पानावर गाढव आणि पाचव्यावर हे. एकतीस वर्षांत असा पेपर त्यांच्या हाती तीनदा आला होता. तिन्ही वेळा त्यांनी समासात बरोबरची लांब लाल खूण करून खाली सही केली होती, आणि त्या तिन्ही मुली त्या खुणेवर आयुष्यभर जगल्या असाव्यात.

त्यांनी लाल पेन शोधलं. सापडलं. टोपण काढलं.

मग त्यांना पुढचं दिसलं. ही खूण पाहिली की हा माणूस रात्रीच्या जेवणाला लॅपटॉप उघडणार. ‘आईंनी अॅप्रूव्ह केलंय’ म्हणणार. हीट पंपाच्या जोडीला बॅकअप म्हणून छोटा बॉयलर, धुराडं सोळा फुटी, ऑपरेटर सेल्फ. आणि साधना आमटी वाढायचं थांबणार. वासंतीबाईंनी टोपण परत लावलं.

त्यानंतर प्रल्हादरावांनी दोनदा विचारलं. एकदा लिफ्टमध्ये, एकदा व्हिसाच्या कागदांवर वासंतीबाईंच्या सह्या घेताना. दोन्ही वेळा त्या ‘देते’ म्हणाल्या. तक्ता औषधांच्या डब्याखाली आहे. पहिल्या पानामागे तीन कमेंट्स आहेत, पाचव्या पानाच्या समासात पेन्सिलची आकडेमोड आहे, आणि तिच्या खाली जागा कोरी आहे.